वास्तूंचे स्थलांतर व मुक्तांगण संग्रहालये

धरण, रस्ता, खाण वा नगरविस्तार यांमुळे नष्ट होऊ घातलेली जुनी वास्तू सुटी करून सुरक्षित जागी पूर्ववत उभारणे, म्हणजे वास्तूचे स्थलांतर. अशा वास्तू, विशेषतः ग्रामीण घरे, मोकळ्या आवारात तेथील भांडीकुंडी व अवजारांसह जेथे जतन केल्या जातात, त्यास मुक्तांगण संग्रहालय म्हणतात. आर्टुर हाझेलियस याने १८९१ मध्ये स्टॉकहोम येथे स्थापिलेले स्कान्सेन हे या प्रकाराचे प्रवर्तक संग्रहालय होय.

स्थलांतरापूर्वी वास्तूची मोजमापे, आराखडे व छायाचित्रे घेतली जातात. प्रत्येक दगडावर वा तुळईवर क्रमांक घालून शिखराकडून पायाकडे वास्तू उतरवितात आणि उलट क्रमाने ती नव्या पायावर चढवितात. चुन्याशिवाय, खाचा व वजनाच्या आधारे रचलेली हेमाडपंती बांधणी या पद्धतीस तुलनेने सोयीची ठरते. वाड्याचे खांब, तुळया व कोरीव चौकटीही हलविता येतात. मातीच्या भिंती व धाबे मात्र नेता येत नाहीत. ते नव्याने घालावे लागतात व ते काम जाणणारे कारागीर उपलब्ध असावे लागतात.

स्थलांतराची प्रसिद्ध उदाहरणे धरणांशी निगडित आहेत. आस्वान धरणामुळे ईजिप्तमधील अबू सिंबेलची मंदिरे १९६४–६८ या काळात कापून सु. ६५ मी. उंचीवर उभारण्यात आली. भारतात नागार्जुनसागर धरणाखाली जाणाऱ्या नागार्जुनकोंडा येथील निवडक अवशेषांची पुनर्रचना टेकडीवर करण्यात आली. ती टेकडी आता बेट बनली आहे. गोव्यात सांगे तालुक्यातील कुर्डी गाव साळावली धरणात बुडाले. तेथील कदंबकालीन महादेव मंदिर सु. १७ किमी. अंतरावर धरणाजवळ पुन्हा बांधण्यात आले. ख्यातनाम गायिका मोगूबाई कुर्डीकर यांचे हे गाव मे महिन्यात पाणी ओसरले की उघडे पडते आणि विस्थापित ग्रामस्थ सोमेश्वराच्या उत्सवासाठी जुन्या जागीच जमतात. दगड हलविता येतात. स्थळाविषयीची निष्ठा त्यांच्यासोबत जातेच असे नाही.

या कारणास्तव १९६४ च्या व्हेनिस सनदेने स्मारक हे आपल्या परिसरापासून अविभाज्य मानले असून, रक्षणासाठी अपरिहार्य असेल वा अत्यंत महत्त्वाचे राष्ट्रीय अथवा आंतरराष्ट्रीय हित असेल तरच स्थलांतरास मुभा दिली आहे. महाराष्ट्रात पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून पुन्हा मांडले आहेत. एका संग्राहकाच्या आस्थेने ते वाचले. मात्र मूळ जागेशी असलेला त्यांचा संबंध तुटला.

पैनगंगेकाठी वसलेले बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर या दृष्टीने विचारार्ह आहे. तेथील स्तंभयुक्त हेमाडपंती धर्मशाळा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली मूळ जागीच उभी आहे. धर्मशाळेचा अर्थ वाट, नदी व वाटसरू यांच्या सान्निध्यातच कळतो. ती उचलून संग्रहालयात नेल्यास केवळ खांब उरतील. याच गावी १८८८ मध्ये शार्ङ्गधर बालाजीची मूर्ती भूमीतून मिळाली. ती सरकारजमा होऊन परदेशी जाईल या भीतीने ग्रामस्थांनी तिची तातडीने प्रतिष्ठापना केली, असे सांगितले जाते. वस्तू तिच्या जागी ठेवण्याचा आग्रह सनदांच्या कितीतरी आधी लोकांनी धरला होता, याचे ही हकीकत द्योतक आहे.

तथापि हा न्याय सर्व वास्तूंना लागू पडत नाही. प्राचीन स्मारकांविषयीचा केंद्रीय कायदा (१९५८) व महाराष्ट्राचा कायदा (१९६०) अधिसूचित स्मारकांचे रक्षण करतात. वऱ्हाडातील धाब्याची घरे, गावगाड्यातील कारागिरांच्या पडव्या व पडके वाडे यांना सहसा असे संरक्षण नसते. मालकाने घर सोडले की काही पावसाळ्यांत भिंती ढासळतात आणि लाकूड विकले जाते. भोपाळच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयात विविध जमातींची घरे त्या त्या जमातींच्या लोकांकडूनच बांधून घेण्यात आली. तो मार्ग येथेही अनुसरता येण्याजोगा आहे. मंदिर वा धर्मशाळा जागीच राखावी. ज्या घराला जागीच वाचविणे अशक्य, त्याच्यासाठी मुक्तांगण हा अखेरचा आश्रय होय. तोही नसेल तेथे निदान घर पडण्यापूर्वी त्याची मोजमापे व नकाशा तयार होणे आवश्यक आहे.