कामाचा करार आणि भाषेचा खर्च

दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीने परदेशातून माणसे बोलावली ती कारखाने, खाणी आणि बांधकामे चालावीत म्हणून; त्या माणसांनी जर्मन भाषा शिकावी की नाही, याचा विचार करणे त्या वेळी कोणालाच निकडीचे वाटले नव्हते. २० डिसेंबर १९५५ रोजी इटलीशी पहिला भरती करार झाला आणि २३ नोव्हेंबर १९७३ रोजी भरती थांबवण्याचा आदेश निघाला. मधल्या अठरा वर्षांत स्पेन व ग्रीस (१९६०), तुर्कस्तान (१९६१), मोरोक्को (१९६३), पोर्तुगाल (१९६४), ट्युनिशिया (१९६५) आणि युगोस्लाव्हिया (१९६८) यांच्याशी असेच करार झाले, सुमारे १ कोटी ४० लाख माणसे कामासाठी आली आणि त्यांपैकी १ कोटी १० लाखांच्या आसपास परत गेली. या येण्याजाण्याचा इतिहास बहुधा मजुरी, घरे आणि नागरिकत्व यांच्या अंगाने लिहिला जातो. भाषेच्या अंगाने पाहिले तर त्यात आणखी एक हिशोब सापडतो, आणि तो म्हणजे परमुलखातल्या कामासाठी लागणारी भाषा शिकण्याचा भार कोणी उचलायचा याचा.

या कामगारांना जर्मनीत ‘गास्टआर्बाइटर’, म्हणजे पाहुणे कामगार, असे म्हटले जाऊ लागले. त्याआधीचा ‘फ्रेम्डआर्बाइटर’ (परके कामगार) हा शब्द नाझी राजवटीतील वेठबिगारीची आठवण करून देणारा असल्यामुळे हा सौम्य शब्द रूढ झाला खरा, परंतु पाहुणा परत जाणार हे त्यात गृहीतच होते. शिवाय पाहुण्याला कोणी वेतनावर राबवत नाही, ही विसंगती त्या काळातही काहींना खटकली होती. तुर्कस्तानशी झालेल्या मूळ करारात मुक्कामाची मर्यादा दोन वर्षांची होती. जुना कामगार परत पाठवून त्याच्या जागी नवा आणायचा, या पद्धतीला फेरपालटीचे तत्त्व म्हणत. तुर्कस्तानच्या बाबतीत ही अट १९६४ मध्ये गळाली, कारण कामात तरबेज झालेला माणूस घालवून दर दोन वर्षांनी नवखा शिकवत बसणे कारखानदारांनाच परवडेना. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, यंत्र शिकवण्याचा खर्च मालकांच्या हिशोबात होता, भाषा शिकवण्याचा नव्हता.

इस्तंबूलमध्ये जर्मन श्रम खात्याची एक संपर्क कचेरी होती आणि तेथे उमेदवारांची निवड होत असे. दात, छाती, लघवी, दृष्टी यांची बारकाईने तपासणी होई आणि कुशल कामासाठी हात किती सफाईने चालतो हेही पाहिले जाई; जर्मन येते का, हा निवडीचा निकष नव्हता. निवडलेली माणसे आगगाडीने म्युनिकच्या मुख्य स्थानकात फलाट क्रमांक ११ वर उतरत, तेथून त्यांना फलाटाखालच्या युद्धकालीन तळघरात नेत आणि जेवण देऊन पुढच्या गाड्यांनी निरनिराळ्या गावी पाठवत. कारखान्यात ‘माइस्टर’, म्हणजे विभागाचा मुकादम, काम हातवाऱ्यांनी दाखवी आणि मोठ्या कारखान्यांत व कामगारांच्या वसतिगृहांत दुभाषे नेमलेले असत. दुभाषा ही सोय होती, तशीच ती एक भिंतही होती, कारण पगाराच्या चिठ्ठीपासून डॉक्टरच्या निदानापर्यंतचे सारे त्याच्याच तोंडून कळत असल्यामुळे कामगाराला स्वतःची तक्रार स्वतःच्या शब्दांत मांडण्याची वेळच येत नसे. १९६४ पासून कोलोनच्या पश्चिम जर्मन आकाशवाणीने तुर्की भाषेत कार्यक्रम सुरू केले. त्यांतून मायदेशाची खबर आणि उपयुक्त माहिती मिळे. परतीची वाट मनातून पुसली जाऊ नये, हे या व्यवस्थेशी सुसंगतच होते.

तरीही माणसे काहीतरी बोलू लागलीच. क्रियापदे न चालवता मूळ रूपातच वापरणे, नामांमागची लिंगदर्शक उपपदे गाळणे, नकारासाठी ‘निक्स’ एवढा एकच शब्द सर्वत्र लावणे, अशा खुणा असलेल्या या बोलीकडे भाषाशास्त्रज्ञांचे लक्ष गेले आणि १९६८ मध्ये मायकेल क्लाइन यांनी तिच्यावर निबंध लिहिला. ‘पिजिन’, म्हणजे दोन भाषिक समाजांत व्यवहारापुरती तयार होणारी मोडकी संपर्कभाषा, ही संज्ञा त्यांनी येथे लावून पाहिली. या बोलीला केवळ कामगार जबाबदार नव्हते. मुकादम आणि दुकानदारही परक्याशी बोलताना आपले जर्मन मुद्दाम मोडून, एकेरीत बोलत, त्यामुळे शिकणाऱ्याच्या कानावर बरोबर वाक्य पडण्याची संधीच कमी होई. सत्तरच्या दशकात हायडेलबर्ग येथील संशोधन प्रकल्पाने स्पॅनिश आणि इटालियन कामगारांच्या बोलण्याचा सविस्तर अभ्यास केला. मोकळ्या वेळात जर्मन माणसांशी किती संबंध येतो, यावर भाषेची प्रगती सर्वाधिक अवलंबून असते आणि पहिली काही वर्षे उलटल्यावर मुक्कामाची लांबी फारशी उपयोगी पडत नाही, असा त्याचा महत्त्वाचा निष्कर्ष होता. वसतिगृह आणि कारखाना यांच्यामध्ये येरझारा घालणाऱ्याला हा संबंध मिळणार तरी कोठून, हे वेगळे सांगायला नको.

या परिस्थितीचे आतून केलेले चित्रण तुर्कस्तानातून आलेल्या लेखिका एमिने सेवगी ओझदामार यांच्या लेखनात सापडते. १९६५ मध्ये त्या तरुण वयात बर्लिनला कारखान्यात कामाला आल्या. ‘डी ब्रुके फॉम गोल्डेनेन होर्न’ (१९९८) या त्यांच्या कादंबरीतील निवेदिका आरंभी जर्मन शिकते ती अर्थ न कळता वृत्तपत्रांचे मथळे पाठ करून. ही युक्ती हास्यास्पद वाटते खरी, परंतु ज्या व्यवस्थेने भाषेसाठी वर्ग, वेळ वा शिक्षक यांपैकी काहीच दिले नव्हते, त्या व्यवस्थेत फुकट मिळणारे पाठ्यपुस्तक हेच होते. ओझदामार यांना पुढे १९९१ मध्ये इंगेबोर्ग बाखमान पुरस्कार आणि २०२२ मध्ये जर्मन साहित्यातील सर्वोच्च मानला जाणारा गेओर्ग ब्युखनर पुरस्कार मिळाला.

१९७३ च्या भरतीबंदीचा परिणाम तिच्या कर्त्यांच्या अपेक्षेपेक्षा उलटा झाला. एकदा गेल्यावर पुन्हा येता येणार नाही, हे उमगल्यामुळे युरोपीय समुदायाबाहेरचे कामगार परत जाण्याऐवजी बायकामुलांना बोलावून घेऊ लागले. परदेशी कामगारांच्या जर्मन वर्गांना अनुदान मिळवून देण्यासाठी माइन्झ येथे एक भाषासंघ स्थापन झाला तो १९७४ साली, म्हणजे भरती बंद झाल्यानंतर. माणसे येत होती तेव्हा वर्ग नव्हते आणि वर्ग आले तेव्हा दार लागले होते. शिवाय हे वर्ग बहुधा संध्याकाळी, पाळी संपवून आलेल्या माणसांसाठी भरत. १९८३ मध्ये तर सरकारने परत जाणाऱ्यांना १०,५०० मार्क देऊ करणारा कायदा केला. २००० साली संगणकतज्ज्ञांसाठी ‘ग्रीन कार्ड’ योजना आली आणि तिच्यातून भारतीय मोठ्या संख्येने गेले, पण त्यांचे काम इंग्रजीवर निभावत असल्यामुळे भाषेचा प्रश्न पुन्हा बाजूला पडला.

खरा पालट १ जानेवारी २००५ रोजी लागू झालेल्या स्थलांतर कायद्याने घडवला. त्याने ६०० तासांचे भाषाशिक्षण आणि ३० तासांचा देशपरिचय असलेला ‘एकात्मता अभ्यासक्रम’ सुरू केला. भाषेचे माप ठरवण्यासाठी युरोप परिषदेची २००१ मध्ये प्रसिद्ध झालेली सहा पातळ्यांची मोजपट्टी हाताशी होती. ए१ म्हणजे अगदी प्राथमिक व्यवहार आणि सी२ म्हणजे जवळजवळ मातृभाषेइतके प्रभुत्व, असा तिचा क्रम आहे. ही पट्टी शिकणाऱ्याला आपण कोठवर आलो हे कळावे, यासाठी होती. परवाने देणाऱ्या कचेऱ्यांच्या हाती पडल्यावर ती उंबरठा बनली. २००७ पासून अनेक देशांतून येणाऱ्या पतिपत्नींना प्रवेशापूर्वीच ए१ पातळी सिद्ध करावी लागू लागली आणि परिचारिकेच्या व्यवसायाला मान्यता मिळण्यासाठी सामान्यतः बी२ पातळी मागितली जाते. पूर्वी माणूस आधी कामावर लागे आणि भाषा जमली तर जमे. आता भाषा आधी आणि काम नंतर.

महाराष्ट्राचा या भाषेशी संबंध कारखान्यांच्या वाटेने आलेला नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२१ मध्ये बॉन विद्यापीठात नाव नोंदवले होते, तर इरावती कर्वे यांनी विसाच्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला जाऊन मानवशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. त्यांच्या पिढीला जर्मन ही ग्रंथांची आणि प्रयोगशाळांची भाषा होती. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आणि मॅक्स म्युलर भवन यांनी ही परंपरा पुढे चालवली आणि जर्मन कंपन्यांच्या कारखान्यांमुळे तिला नोकरीचीही जोड मिळाली. शारीरिक श्रम आणि सेवा यांसाठी जर्मनीला जाण्याची भारतीय वाट मुख्यतः केरळची. साठच्या दशकात कॅथलिक चर्चच्या मध्यस्थीने तेथील तरुणी परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी गेल्या आणि त्यांना जर्मन वॉर्डातच, रुग्णांच्या उशाशी, शिकावी लागली.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-वुर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला आणि पहिल्या टप्प्यात १० हजार तरुणांना शासनाच्या खर्चाने जर्मन शिकवून पाठवण्याचे जाहीर केले. श्रमिक निर्यात करणाऱ्या पक्षाने आधी आपल्या खर्चाने भाषा शिकवायची, ही रचना १९६१ च्या इस्तंबूलमधील अधिकाऱ्यांना चमत्कारिक वाटली असती. ज्यांना अशी योजना लाभत नाही ते तरुण खासगी वर्गांची फी, परीक्षेचे शुल्क आणि नापास झाल्यास पुन्हा तेच शुल्क घरच्या पैशांतून भरतात. ज्या रुग्णालयाला वा कारखान्याला त्यांच्या जर्मनचा उपयोग होणार असतो, त्याच्या जमाखर्चात भाषा शिकण्यात गेलेल्या या महिन्यांची नोंद सहसा नसते.