एक आवाज, दोन माइक

विजेच्या गिटारीची एक गंमत आहे. तिची तार नुसती छेडली तर पलीकडच्या खोलीत ऐकू जायची नाही. तिचा म्हणून आपण जो आवाज ऐकतो, तो अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरमधून येतो. तेव्हा ध्वनिमुद्रण करायचे ते या पेटीचे. माइक स्पीकरच्या मध्याशी धरला तर स्वर धारदार येतो, कडेकडे सरकवला तर मऊ होतो.

मग एक माइक जवळ आणि एक दूर ठेवला तर? जवळचा तारेचा ठसका देईल, दूरचा खोलीचा घुमारा. विचार चांगला, पण येथेच माशी शिंकते.

आवाज सेकंदाला सुमारे ११०० फूट धावतो. दुसरा माइक फूटभर मागे असला, तर तोच स्वर त्याच्याकडे जवळजवळ एक हजारांश सेकंद उशिरा पोहोचतो. एवढ्याने काय बिघडते, असे कुणी म्हणेल. शिक्षकांनी फळ्यावर दोन लाटा काढून पाहाव्यात. एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर आला की दोन्ही सपाट! फूटभर अंतरात सेकंदाला साधारण ५५० कंपने असलेल्या स्वराची हीच गत होते, आणि तो तर गिटारीच्या ऐन वापरातला. दोन्ही माइक एकाच फितीवर एकत्र उतरवले, की गेलेला स्वर मागून काही केल्या परत येत नाही.

या उशिराचा विचार जुना आहे. ई. एम. आय. कंपनीतले अभियंते अ‍ॅलन ब्लमलाइन यांनी डिसेंबर १९३१ मध्ये इंग्लंडात एका पेटंटासाठी अर्ज केला. वाद्य डावीकडे वाजते की उजवीकडे, हे ऐकणाऱ्याला कळावे हा त्यांचा हेतू. त्यातल्या एका मांडणीत दोन माइक एकाच जागी आहेत, तोंडे मात्र काटकोनात. जागा एकच, म्हणून उशीर नाही. फरक राहतो तो केवळ जोराचा. किती साधी गोष्ट! जानेवारी १९३४ मध्ये लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत बीचम यांच्या वाद्यवृंदाची मोझार्टची सिंफनी त्यांनी अशी दुहेरी मुद्रित केली. ७ जून १९४२ रोजी रडारची चाचणी चालू असता विमान कोसळून ब्लमलाइन गेले. वय अवघे ३८. स्टीरिओ तबकड्या सर्रास विकू लागल्या १९५८ च्या सुमारास.

डेक्का कंपनीने १९५४ मध्ये उलट वाट धरली. वाद्यवृंदापुढे उंचावर तीन माइक, मध्ये काही फुटांचे अंतर. उशीर होतो तर होवो, त्यातून येणारा ऐसपैसपणा त्यांना हवा होता.

गिटारीच्या पेटीला हा ऐसपैसपणा दिला तो लेड झेपेलिनच्या जिमी पेज यांनी. १९६८ च्या शरदात लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत त्यांनी एक माइक पेटीपाशी ठेवला, दुसरा पार वीस फुटांपर्यंत मागे नेला. ही युक्ती आपली नव्हे, जुन्या ध्वनिमुद्रकांची, असे ते स्वतःच सांगत. फूटभरापेक्षा वीस फूट बरे कसे? तिथवर मूळ आवाज क्षीण होतो, भिंतींवरून परतलेला त्यात मिसळतो, आणि एकच स्वर नेमका मारला जाण्याची भीती कमी होते.

जवळच्या दोन माइकांसाठी एक कसोटी आहे. एका माइकची लाट उलटी करायची, आणि एकाने कानाला हेडफोन लावून बसायचे. दुसऱ्याने माइक बोटबोट सरकवत राहायचे. आवाज अगदी पोकळ, मरतुकडा झाला की तिथेच थांबायचे, आणि लाट पुन्हा सुलटी करायची.