वर आठ खण, खाली सहा : ब्रिटानिया पुलाच्या छेदाची जन्मकथा (थ्रेड)

१/
कोष्टकात न सापडणारी एखादी तुळई वापरायची वेळ आली, की आजचा अभियंता संगणकाच्या पडद्यावर तिचा आडवा छेद रेखाटतो. क्षेत्रफळ, गुरुत्वमध्य, मोमेंट ऑफ इनर्शिया, सेक्शन मॉड्युलस हे सारे आकडे क्षणार्धात समोर येतात. १८४५ साली असाच एक नवा छेद हवा होता. त्यासाठी तीन माणसे, एक जहाजबांधणीचा कारखाना आणि जवळपास दोन वर्षे खर्ची पडली.

२/
स्थळ वेल्सच्या वायव्येची मेनाई सामुद्रधुनी. चेस्टरहून निघालेला लोहमार्ग ही सामुद्रधुनी ओलांडून अँग्लसी बेटावरच्या होलिहेड बंदरापर्यंत न्यायचा होता. तिथून पुढे आयर्लंडची बोट. मुख्य अभियंता होता रॉबर्ट स्टीफन्सन. (हाच पुढे जीआयपी रेल्वेचा सल्लागार अभियंता झाला. मुंबई-ठाणे मार्ग बांधणारा जेम्स बर्कली त्याच्याच तालमीत तयार झालेला.)

३/
स्टीफन्सनच्या मनात बिडाच्या कमानी होत्या. ब्रिटिश नौदल खात्याने त्या नाकारल्या. शिडाची उंच जहाजे जायची म्हणून भरतीच्या पाण्यापासून सुमारे १०५ फूट उंची हवी, तीही गाळ्याच्या संपूर्ण रुंदीत. शिवाय बांधकाम चालू असताना पाण्यात परांची उभारून वाट अडवायची नाही. झुलत्या पुलाचा पर्याय होता, पण साखळ्यांवर टांगलेला पूल आगगाडीच्या भाराखाली हेलकावतो.

४/
मग एक धाडसी कल्पना पुढे आली. घडीव लोखंडाच्या पत्र्यांची प्रचंड पोकळ नळी करायची आणि आगगाडी तिच्या पोटातून न्यायची! पुलावर बोगदाच म्हणा ना. मधले दोन गाळे प्रत्येकी ४६० फुटांचे. एवढ्या लांबीची लोखंडी तुळई तोवर जगात कुणी केलेली नव्हती.

५/
प्रश्न एकच राहिला: नळीचा छेद कसा असावा? गोल, लंबगोल की चौकोनी?

६/
उत्तर शोधण्याचे काम विल्यम फेअरबेर्नकडे आले. हा स्कॉटिश कारागीर लंडनजवळ मिलवॉल येथे लोखंडी जहाजे बांधी. पत्रे आणि रिव्हेट यांचा स्वभाव त्याच्याइतका जाणणारे थोडेच होते. गणिताच्या बाजूसाठी त्याने मँचेस्टरच्या ईटन हॉजकिन्सनला बोलावले. बीड दाबाला बळकट आणि ताणाला दुबळे असते, म्हणून बिडाच्या तुळईचा खालचा पट्टा वरच्यापेक्षा कितीतरी रुंद हवा, हे हॉजकिन्सननेच पूर्वी प्रयोगांनी दाखवले होते.

७/
१८४५च्या उन्हाळ्यात मिलवॉलला नळ्या मोडायला सुरुवात झाली. दोन्ही टोकांना आधार, मध्यभागी वाढता भार, आणि नळी मोडेपर्यंत थांबायचे नाही. गोल नळ्यांचा आकारच बिघडू लागला. लंबगोल नळ्यांनीही निराशा केली. चौकोनी नळी सरस ठरली, पण तिने एक कोडे समोर टाकले.

८/
बिडाची तुळई खालून, ताणाच्या बाजूने तुटते. या पातळ पत्र्याच्या नळ्या मात्र बहुधा वरूनच जात होत्या. आणि वरची बाजू तुटत नव्हती, कागदासारखी चुरगळत होती. वरखाली वेगळ्या जाडीचे पत्रे असलेली नळी उलटी ठेवून जाड पत्रा वर आणला, तेव्हा तीच नळी कितीतरी अधिक भार पेलू लागली.

९/
इथे या कथेची खरी मेख आहे. वाकणाऱ्या तुळईचे गणित नाविएने १८२६ सालीच प्रसिद्ध केले होते. छेदाचा प्रत्येक तुकडा मध्यरेषेपासून जितका दूर, तितका त्याचा उपयोग अधिक; म्हणून लोखंड मधून काढून वर आणि खाली न्यावे, असे ते गणित सांगते. पण पत्रा फारच पातळ झाला, तर तो दाबाखाली आपली ताकद वापरण्याआधीच मुडपतो, हे त्या सूत्रात कुठेच येत नाही. आजच्या सॉफ्टवेअरमध्येही मनाजोगा छेद रेखाटला, की आकडे निमूटपणे मिळतात. पत्र्याच्या या मुडपण्याची तपासणी मात्र वेगळी करावी लागते.

१०/
पत्रा जाड केला असता तर वजन वाढले असते. म्हणून वरच्या भागाला खण पाडायचे ठरले: शेजारी शेजारी जोडलेल्या छोट्या चौकोनी नळ्यांची रांग. मग एक षष्ठांश प्रमाणाचे, ७५ फूट गाळ्याचे मोठे प्रतिरूप बांधले गेले. पहिल्या चाचणीत ते सुमारे ३५ टनांवर खालून फाटले. जिथे फाटले तिथे पत्रा वाढवायचा, दुरुस्त करायचे आणि पुन्हा मोडायचे, असा क्रम चालला. शेवटी तेच प्रतिरूप ८६ टनांपर्यंत पोहोचले. भर थोड्याच लोखंडाची होती. ते कुठे घालायचे, हे मात्र मोडतोडीने शिकवले होते.

११/
हे चालू असतानाच, २४ मे १८४७ रोजी, चेस्टरजवळ डी नदीवरचा बिडाच्या तुळयांचा रेल्वेपूल गाडीखाली कोसळला. पाच जणांचा बळी गेला. तो पूलही स्टीफन्सनचाच. चौकशीत त्याची प्रतिष्ठा पणाला लागली. अशा वेळी त्याच माणसाच्या चौपट-पाचपट लांबीच्या लोखंडी नळीवर लोकांनी विश्वास कशाच्या बळावर ठेवायचा? हॉजकिन्सनला आधाराच्या साखळ्या हव्याशा वाटत होत्या. फेअरबेर्नचे म्हणणे, नळी स्वतःच पुरेशी आहे. मनोऱ्यांत साखळ्यांसाठी जागा ठेवली गेली, साखळ्या मात्र कधीच बसल्या नाहीत. श्रेयाच्या वादातून फेअरबेर्न १८४८ साली बाहेर पडला.

१२/
त्याच वर्षी कॉनवीचा ४०० फुटी पूल याच पद्धतीने उभा राहिला. मेनाईच्या नळ्या किनाऱ्यावर बांधून, १८४९च्या जूनपासून भरतीच्या पाण्यावर तरंगत नेल्या गेल्या आणि हायड्रॉलिक प्रेसने वर चढवल्या गेल्या. ऑगस्टमध्ये एका प्रेसचे सिलिंडर फुटले. नळी जसजशी चढेल तसतसे तिच्याखाली बांधकाम भरत जायचे, असा स्टीफन्सनचा दंडक होता. म्हणून ती काही इंचच खाली आली. ५ मार्च १८५० रोजी पहिली गाडी नळीतून गेली.

१३/
छेदाचे गणित मात्र अजून अपुरे होते. रशियात सेंट पीटर्सबर्ग-मॉस्को मार्गाचे लाकडी पूल बांधणाऱ्या झुराव्स्कीने तुळईच्या पोटात थरावर थर सरकवू पाहणाऱ्या ताणाचे सूत्र मांडले. लाकूड आडवे चिरते, म्हणून त्याचे लक्ष तिकडे गेले. त्याच सूत्राने त्याने दाखवले, की ब्रिटानियाच्या नळीत मध्यभागी इतक्या दाट रिव्हेटांची गरज नव्हती. हा ताण आधारांपाशी मोठा असतो. आज शिअर स्ट्रेस काढताना अभियांत्रिकीचा विद्यार्थी त्याचेच सूत्र वापरतो.

१४/
नळ्या १२० वर्षे टिकल्या. २३ मे १९७० च्या रात्री काही मुले मशाल घेऊन आत शिरली आणि आग लागली. तापलेले लोखंड इतके झुकले, की नळ्या निकामी ठरल्या. नव्या पुलाला खाली पोलादी कमानी आल्या. नौदलाने जे स्टीफन्सनला नाकारले होते, जवळजवळ तेच. जुन्या नळीचा एक तुकडा पुलाजवळ जपून ठेवला आहे. त्याच्या कापलेल्या तोंडाशी उभे राहिले, की खण मोजता येतात: वर आठ, खाली सहा.