प्रवाशाच्या हातातलं पाणी

नाशिकमधून कुणी शिकायला किंवा नोकरीला परदेशी निघालं की मेतकूट, चिवडा आणि कुकर यांच्या खाचेत एक हलका प्लॅस्टिकचा मग बसवला जातो. हल्ली त्याच्या जागी दाबल्यावर धार उडवणारी छोटी बाटली असते. तिकडे बहुतेक ठिकाणी कागदावर भागवावं लागेल, आणि स्टेशनवरचं किंवा हमरस्त्यावरचं स्वच्छतागृह कसं निघेल याचा भरवसा नाही, एवढं घरातल्या मोठ्यांना ठाऊक असतं. या मगाचा मागोवा घेत मागे गेलं, तर वाट गोदाकाठच्या भांडीबाजारात येऊन पोचते.

नाशिक हे तांब्या-पितळेचं गाव. जुन्या नाशकातली तांबट लेन आजही त्याच नावाने ओळखली जाते, आणि १८८३ साली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमधल्या नाशिकच्या खंडात या धंद्याची नोंद आहे. गंगेवर आलेला यात्रेकरू (गोदावरीला इथे गंगाच म्हणतात) परतताना गंगाजलाचा गडू घेऊन जाई. प्रवासासाठी फिरकीच्या झाकणाचा तांब्या असे. पाणी सांडायचं नाही आणि कडीत बोटं घालून तो नेता यायचा. साध्या तांब्याची घडणही नीट पाहावी अशी आहे. पोट गोल, गळा आवळलेला आणि काठ बाहेर वळलेला, त्यामुळे एका हाताने काठाशी धरून तिरका केला की पाणी बारीक धारेने पडतं आणि दुसरा हात मोकळा राहतो. थोड्या पाण्यात अंग स्वच्छ करायची सोय या आकारातच आहे. पिण्याचा तांब्या वेगळा आणि परसाकडेला न्यायचा वेगळा, हे सांगावं लागत नसे.

स्वतःचं भांडं बरोबर बाळगण्यामागे केवळ स्वच्छता होती असं मात्र म्हणता येणार नाही. कुणाच्या हातचं पाणी चालतं आणि कुणाच्या हातचं चालत नाही, याचाही त्यात मोठा वाटा होता. याच गावात २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह सुरू झाला आणि तो पाच वर्षं चालला. देवाच्या दाराशी जी शिवाशिव होती, तीच घाटावर, पाणवठ्यावर आणि प्रवासात होती. सोवळ्याचा तांब्या आणि स्वच्छतेचा तांब्या एकाच हातात असत, हे विसरून या वस्तूचं कौतुक करणं मला पटत नाही.

मग रेल्वे आली. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि १८६५ मध्ये थळ घाटातला मार्ग खुला झाल्यावर मुंबईहून नाशिकची यात्रा काही तासांवर आली. पण खालच्या वर्गाच्या डब्यांत कित्येक वर्षं शौचालय नव्हतंच. गाडी थांबली की उतरायचं, आडोसा शोधायचा आणि शिट्टीकडे कान ठेवायचा. १९०९ साली ओखिलचंद्र सेन नावाच्या बंगाली प्रवाशाने साहिबगंजच्या रेल्वे कार्यालयाला तक्रारीचं पत्र पाठवलं. गाडी सुटली म्हणून एका हातात लोटा आणि दुसऱ्या हातात धोतर धरून आपण धावलो आणि सगळ्यांदेखत फलाटावर पडलो, असं त्यांनी लिहिलं. दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयामुळे हे पत्र प्रसिद्ध झालं. लोक ते वाचून हसतात. मला मात्र त्या माणसाची लाज आणि संताप जाणवतो. आठ वर्षांनी, १९१७ मध्ये, गांधींनी तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर लिहिलं. मुंबई ते मद्रास या सबंध प्रवासात संडास एकदाही साफ झाला नाही आणि टाकीत पाणी नव्हतं, ही त्यांची तक्रार होती. आता डब्यात शौचालय होतं, पण भांडं रिकामंच राहिलं.

स्वच्छ राहण्याची जबाबदारी प्रवाशाने आपल्या तांब्यात घेतली, पण मागे उरलेली घाण उचलायची कुणी? वाड्यांच्या मागच्या बोळात टोपलीचे संडास असत आणि ती टोपली डोक्यावरून नेणारी माणसं जन्मानेच ठरलेली असत. या प्रश्नाला महाराष्ट्रात ज्यांनी हात घातला त्यांत अप्पासाहेब पटवर्धन हे नाव पहिल्या रांगेतलं आहे. डिसेंबर १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात असताना, भंगीकाम आपल्यालाही करू द्यावं म्हणून त्यांनी अन्नत्याग केला, आणि येरवड्यात गांधींनी त्यांना पाठिंबा म्हणून उपवास सुरू केला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून अप्पांनी गरिबाला परवडेल असा सोपा संडास लोकांपुढे ठेवला. देहूला डॉ. सुहास मापुसकरांनी गावाच्या शौचालयांसाठी आयुष्य घातलं. त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. नाशिकजवळ गोवर्धनच्या निर्मल ग्राम निर्माण केंद्रात श्रीकांत नावरेकरांनी हेच काम चालवलं.

या सगळ्या खटपटीत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते एक साधं भांडं, दोन शोषखड्ड्यांच्या संडासात बसवायचं. त्याचा उतार जास्त तीव्र असतो आणि खालच्या वळणात पाण्याचा थर जेमतेम वीस मिलिमीटरचा राहतो. तेवढा थर वास आणि माश्या अडवायला पुरतो, आणि मैला वाहून न्यायला दीड-दोन लिटर पाणी पुरे होतं. फ्लशच्या जुन्या टाक्यांना एका वेळी दहा-बारा लिटर लागत. म्हणजे हे भांडं तांब्याभर, फार तर दोन तांबे पाण्याच्या हिशोबानेच घडवलेलं आहे. एक खड्डा भरला की दुसरा सुरू करायचा. पहिल्यातल्या मैल्याचं दीड-दोन वर्षांत खत होतं आणि ते उपसायला कुणाला मैल्यात हात घालावा लागत नाही. १९७४ साली बिंदेश्वर पाठकांनी पाटण्यात पैसे देऊन वापरायचं सुलभ शौचालय सुरू केलं, तेव्हा याच तऱ्हेची रचना शहरातल्या अनोळखी माणसापर्यंत पोचली.

मधल्या काळात हातातलं भांडं बदलत गेलं. पितळ महागलं, मग डालड्याच्या रिकाम्या डब्याला तारेची कडी लावून त्याचं टमरेल झालं. मागोमाग प्लॅस्टिकचा मग आला. रेल्वेच्या डब्यात स्टीलचा मग साखळीने बांधलेला असे आणि साखळी नेमकी अर्धा हात कमी पडे. आता नळाला लावलेला जेट घरोघरी आहे. प्रवासात पाण्याची विकतची बाटली आत नेली जाते आणि पुष्कळदा तिथेच टाकून दिली जाते. गाड्यांत जैवशौचालयं बसवल्यापासून या बाटल्या खालच्या टाकीत अडकतात आणि पुढच्या सगळ्या प्रवाशांची गैरसोय होते.

परदेशात गेलेल्यांना वेगळाच पेच पडला. तिकडे १८५७ पासून शौचाचा कागद बाजारात विकला जात होता आणि स्नानगृहाची जमीन कोरडी ठेवायची रीत होती. जमिनीला मोरी नसते. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर अमेरिकेत गेलेल्या मराठी डॉक्टर-इंजिनिअरांच्या घरांत म्हणूनच कमोडशेजारी मग दिसू लागला, आणि तो बेताने वापरायला मुलांना शिकवावं लागलं. नंतर कमोडच्या टाकीला पाणी देणाऱ्या नळीवर टी जोडून जेट लावता येतो हे समजलं आणि घरचा प्रश्न सुटला. पाण्याची सवय पाश्चात्त्यांना अगदीच परकी आहे असंही नाही. इटलीत १९७५ पासून घराच्या स्नानगृहात बिडे असणं नियमाने बंधनकारक आहे, फिनलंडमध्ये हातातला फवारा सर्रास दिसतो, आणि जपानमध्ये १९८० साली आलेल्या वॉशलेटने धुण्याचं काम यंत्राकडे सोपवलं.

घराबाहेर मात्र बाटलीच. आत जाण्याआधी बेसिनवर ती भरून घ्यायची, कागदाने बैठक पुसायची, आणि निघताना सांडलेलं पाणी टिपायचं. हे शेवटचं काम आपली माणसं टाळतात आणि ओल्या जमिनीवरून पुढचा माणूस घसरतो. बैठक घाण असेल म्हणून बायका अधांतरी उभ्या राहतात, त्याने ती आणखी खराब होते आणि पुढचीलाही तेच करावं लागतं. यातून सुटायचा बायकांचा जुना उपाय म्हणजे पाणीच न पिणं. परदेशी सहलीत, कसारा घाटातून मुंबईला जाणाऱ्या एसटीत, पंढरीच्या वाटेवर, सगळीकडे तो चालतो आणि मूत्रमार्गाची दुखणी मागे ठेवतो. २०११ पासून मुंबईत ‘राइट टू पी’ चळवळीने हा प्रश्न उघडपणे मांडला, तेव्हा कुठे त्यावर चारचौघांत बोलणं सुरू झालं.

नाशिकमध्ये २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी जगभरातून माणसं येतील. आपण परदेशी जाताना ज्या भीतीने बॅग भरतो, त्याच भीतीने तीही आपल्याकडे यायला बॅग भरतील. अशा तयारीत शौचालयं किती उभारणार याचे आकडे चटकन सांगितले जातात. मला पाण्याचा आकडा ऐकायचा आहे. माणशी तीन लिटर धरले आणि एका शौचालयात दिवसाला शंभरच माणसं गेली असं मानलं, तरी दहांच्या एका रांगेला तीन हजार लिटर लागतात. दोन हजार लिटरची टाकी दिवसातून दोनदा भरावी लागेल. ती कोण भरणार, आत हाताशी नळ आणि बॅग अडकवायला खुंटी असेल का, आणि रात्रपाळीच्या सफाई कामगाराला गमबूट, हातमोजे आणि पूर्ण मजुरी कोण देणार, हे निविदेतच नावानिशी लिहिलेलं असावं.