पाव खाल्ला म्हणून?



गेल्या महिन्यात बेळगावच्या आमच्या धर्मशिक्षण वर्गात सहावीतल्या एका मुलानं विचारलं, "सर, आपण पाव खाऊन बाटलो का?" शाळेत कुणीतरी त्याला तसं चिडवलं होतं. बाकीची मुलं हसली, तो हसला नाही. मी "नाही रे" म्हणून पुढचा धडा घेतला, आणि मग आठवडाभर तेच मनाला लागून राहिलं.

पुढच्या शनिवारी कामानं पणजीला गेलो. फोंतेन्हास भागात संत सेबास्तियनचं छोटं कपेल आहे. तिथला क्रूस पूर्वी इन्क्विझिशनच्या वाड्यात होता. त्यावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत. प्रार्थना करून निघालो आणि भाजलेल्या पिठाच्या वासामागे एका बोळात शिरलो. पाटी नाही, एक खिडकी तेवढी. आत लाकडावरची भट्टी, लांब दांड्याच्या फळीवरून निघणाऱ्या पोया आणि उंडे, बांगडीसारखी कडक कांकणं.

गोवा भात खाणारा मुलूख. १५१० मध्ये पोर्तुगीज आले, त्यांना जेवायला पाव हवा आणि मिस्सेच्या ओस्तीसाठी गहू हवा. गहू बाहेरून आला, पण पीठ फुगवायला यीस्ट नव्हतं. मग माडाची सूर कामी आली. ताजी सूर काही तासांतच आंबते, तीच पिठात घातली. म्हणजे रेंदेर माडावर चढला नाही तर पोदेराचा पाव फुगायचा नाही! हे काम जेझुइट फादरांनी प्रथम साष्टीतल्या लोकांना शिकवलं, असं गोव्यात सांगतात. त्याच साष्टीत फादर स्टीफन्स यांनी मराठीत ख्रिस्तपुराण रचलं. 'पाव' आणि 'पोदेर' हे दोन्ही शब्दही पोर्तुगीजच.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. विहिरीत पाव टाकून गावच्या गाव बाटवल्याची गोष्ट गोव्यापासून वसईपर्यंत ऐकू येते. आपल्या लोकांवर जबरदस्ती झालीच नाही, असं मी त्याला सांगणार नाही. इन्क्विझिशनचं राज्य स्वयंपाकघरापर्यंत पोहोचलं होतं: १७३६ च्या फर्मानात नवख्रिस्ती घरांनी हिंदू रीतीप्रमाणे बिनमिठाचा भात शिजवू नये, असंही कलम होतं. हे आपल्याच चर्चच्या नावानं झालं. पण विहिरीच्या त्या गोष्टीत नुसत्या पावानं कुणी ख्रिस्ती होत नाही. पाणी प्यालेल्याला त्याचेच भाऊबंद घरात घेत नाहीत, तेव्हा तो परका होतो. अतिशयोक्ती वाटत असेल तर पुणं आठवा. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे यांच्यासारखी मंडळी चहाला गेली आणि तेवढ्यावरून ग्रामण्य उभं राहिलं. टिळक-रानड्यांनाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं. चहाची ही कथा, तर साध्या कुळवाड्याचं काय झालं असेल?

गंमत म्हणजे ज्या ओस्तीवर आपली श्रद्धा, ती पोदेराच्या भट्टीतली नव्हेच. ती नुसत्या गव्हाची आणि पाण्याची, न आंबवलेली.

खिडकीशी माझ्या पुढे हातात फुलांची पुडी घेतलेल्या एक मावशी होत्या, देवळातून आलेल्या. मागे कामावरचा गवंडी. भट्टीवरचा माणूस हुबळीकडचा, कन्नड बोलणारा. मालकानं त्याला भट्टी चालवायला दिलेली. "तुम्ही बेळगावचे? मग आमच्याच वाटेवरचे की!" असं म्हणत त्यानं दोन पोया जास्त घातल्या. सूर घालता का विचारलं, तर हसला. रेंदेर कुठून आणायचे, आता यीस्टच.

रविवारी मिस्सेनंतर वर्गात पोया तव्यावर गरम केल्या आणि हे सगळं मुलांना सांगितलं, फर्मानासकट. तो मुलगा पोई उघडून आतल्या पोकळीत बोट घालून बघत होता.

"सर, त्या शाळेतल्या मुलाला एक नेऊ?"

उरलेल्या दोन्ही त्याच्या डब्यात घातल्या.