कृष्णविवर: एका शब्दाची गोष्ट

१/ १९७४. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. लेखक: नारायण विनायक जगताप. ही आद्याक्षरे उलटी वाचली की खरा लेखक सापडतो: जयंत विष्णू नारळीकर.

२/ ‘ब्लॅक होल’ ही संज्ञा इंग्रजीतही जॉन व्हीलर यांच्यामुळे १९६७ नंतरच रूढ झाली. मराठी वाचकाला वस्तू नवी, नावही नवे. तरीही ते परके वाटले नाही. कारण ‘कृष्ण’ आणि ‘विवर’ दोन्ही ओळखीचे, नवा केवळ समास.

३/ विज्ञानकथेतील शब्द विश्वसनीय ठरतो तो असा: घटक जुने, जोड नवी. घटकही अनोळखी असले, तर शब्द निव्वळ मंत्र भासतो.

४/ नाशिकजवळच्या भगूरचे सावरकर याच समासशक्तीवर विसंबले. ‘दिनांक’, ‘महापौर’ यांचे श्रेय त्यांना दिले जाते. मात्र तेथे परका शब्द हटवायचा होता. विज्ञानकथेला न पाहिलेल्या वस्तूचे नामकरण करायचे असते.

५/ डिसेंबर २०२१. नाशिकच्या ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते नारळीकर. प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत. पण टोपणनावाआडून आलेली विज्ञानकथा ४७ वर्षांनी मराठी साहित्याच्या अध्यक्षपदी पोहोचली होती.