पात्ररूप : ठरीव व ऐच्छिक

पात्ररूप म्हणजे नाट्यात, विधिनाट्यात किंवा खेळात भाग घेणाऱ्याने धारण केलेले, स्वतःहून वेगळे असे दृश्य रूप. त्याचे ढोबळमानाने दोन प्रकार होतात. ज्याचा चेहरा, वेश, चाल व स्वभाव परंपरेने किंवा रचनाकाराने आधीच ठरवून दिलेला असतो, ते ठरीव रूप. ज्याची घडण धारण करणाऱ्याच्या इच्छेवर सोडलेली असते, ते ऐच्छिक रूप. विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रसार पावलेल्या ऑनलाइन भूमिकात्मक खेळांत या दोहोंपैकी कोणते श्रेयस्कर, हा खेळाडूंमध्ये व खेळ रचणाऱ्यांमध्ये वादाचा विषय झाला. तथापि या वादाचे मूळ संगणकाहून पुष्कळ जुने आहे. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यात व त्याच्या परिसरात बोहाड्यातील ठरीव सोंग, बहुरूप्याचे ऐच्छिक सोंग आणि या दोहोंच्या सीमेवरील तमाशातील पात्र अशा तिन्ही परंपरा आढळतात. त्यांच्या इतिहासात रूप कसे असावे यापेक्षा ते कोणी घ्यावे, हाच प्रश्न अधिक कळीचा ठरलेला दिसतो.

जिल्ह्याच्या पश्चिमेकडील अकोले तालुका सह्याद्रीच्या माथ्याला भिडलेला असून तेथे महादेव कोळी व ठाकर या जमातींची मोठी वस्ती आहे. या तालुक्याच्या आदिवासी पट्ट्यात, तसेच नासिक व पालघर जिल्ह्यांच्या डोंगराळ भागात बोहाडा (भोवाडा) हे मुखवट्यांचे विधिनाट्य होते. पिके निघाल्यावर व पावसाळा सुरू होण्यापूर्वी, बहुधा चैत्र-वैशाखात, ते काही रात्री चालते. मुखवटे लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे असून ते रंगवून जपून ठेवलेले असतात. आरंभी गणपती व सरस्वती यांची सोंगे येतात. त्यानंतर मारुती, खंडेराव, नरसिंह, त्राटिका, वेताळ, रावण इ. सोंगे संबळ व सनई यांच्या साथीवर नाचविली जातात आणि देवी व महिषासुर यांच्या युद्धाने उत्सवाची सांगता होते. मुखवट्यामुळे चेहऱ्यावरील अभिनयाला वाव राहत नाही. जे काही दाखवावयाचे ते पावलांनी, खांद्यांनी व हातांतील आयुधांनी दाखवावे लागते. रावणाचा अनेक तोंडांचा मुखवटा पेलणे हेच बळाचे काम असते. अशा प्रयोगात नाचणाऱ्याला मुखवट्याचा रंग किंवा देवाचे आयुध बदलण्याची मुभा नसते. रूप बदलले, तर ते सोंग कोणाचे हेच प्रेक्षकांना कळणार नाही आणि विधी म्हणूनही ते निष्फळ ठरेल.

रूप असे पक्के असल्यामुळे सगळी चुरस ते मिळविण्याभोवती एकवटते. काही गावांत विशिष्ट सोंगाचा मान विशिष्ट घराण्याकडे वंशपरंपरेने असतो. काही ठिकाणी सोंगांचा लिलाव होऊन जो अधिक बोली बोलेल त्याला ते नाचविण्याचा मान मिळतो व जमलेला पैसा उत्सवाच्या खर्चाला लागतो. नवस फेडण्यासाठीही सोंग घेतले जाते. देवीची व अन्य स्त्रियांची सोंगे परंपरेने पुरुषच घेत आले. मुखवटा कोणाच्याही चेहऱ्यावर बसू शकतो. त्याखाली कोणाचा चेहरा असावा हे मात्र गाव ठरवितो. ठरीव रूपाच्या निर्विकार समतेचे गोडवे गाताना ही बाजू सहसा विसरली जाते.

बहुरूप्याची रीत याच्या नेमकी उलट. रायरंद म्हणूनही ओळखला जाणारा हा भटका कलावंत एक दिवस साधू, दुसऱ्या दिवशी वैद्य, तर तिसऱ्या दिवशी पोलीस शिपाई होऊन गावात येतो. त्याच्या सोंगाला मुखवटा नसतो. वेश, बोलणे व हजरजबाबीपणा यांच्या जोरावर तो घटकाभर लोकांना फसवितो, मग खरी ओळख उघड करून बिदागी मागतो. त्याचे रूप सर्वस्वी त्याच्या निवडीचे असते, पण त्याची जोखीमही त्याचीच असते. भारतीय दंड संहितेच्या (१८६०) कलम १७१ प्रमाणे कपटी हेतूने लोकसेवकाचा पोशाख घालणे हा गुन्हा होता आणि जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही कलम २०५ खाली तो आहे. बहुरूप्याचा हेतू कपटी नाही, हे त्याच्या ओळख उघड करण्यावरूनच सिद्ध होते; म्हणून सोंग उतरविणे हा त्याच्या कलेचा अनिवार्य भाग होय. बोहाड्यातील सोंगाला गावाची संमती आधीच असते, बहुरूप्याला ती दर वेळी नव्याने मिळवावी लागते.

ढोलकीच्या फडाचा तमाशा या दोहोंच्या मध्ये येतो. गण, गौळण, बतावणी व वग या त्याच्या क्रमात कृष्ण, पेंद्या, मावशी, गवळणी व सोंगाड्या ही पात्रे ठरलेली असली, तरी त्यांना मुखवटा नाही आणि रंगभूषाही बेताचीच. पुरुषाने डोक्यावरून पदर घेतला की मावशी झाली. फेटा चढविला की तोच नट वगातला राजा. स्त्रीचे काम मात्र दीर्घकाळ ‘नाच्या पोऱ्या’ म्हणजे स्त्रीवेषधारी मुलगा करीत असे. ही परंपरा मोडण्याचे श्रेय संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा या गावच्या पवळा तबाजी भालेराव ऊर्फ पवळा हिवरगावकर (१८७०–१९३९) यांना दिले जाते. फडात उभी राहणारी पहिली स्त्री म्हणून त्यांचा उल्लेख होतो. शाहीर पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी (१८६६–१९४५) यांच्या फडात त्यांनी अमाप लोकप्रियता मिळविली. बापूराव जन्माने ब्राह्मण, पवळा महार. या सहवासाबद्दल बापूरावांना जातीचा रोष पत्करावा लागला. पवळांच्या आगमनाने गौळणीचे ठरीव रूप बाह्यतः बदलले नाही. तीच राधा, तोच मथुरेचा बाजार. पण ते रूप घेणाऱ्या व्यक्तीचे नाव प्रथमच रूपाहून मोठे झाले. लोक राधा पाहण्यासाठी नव्हे, तर पवळा पाहण्यासाठी येऊ लागले. यातून स्त्री कलावंताला स्वतःची ओळख मिळाली. त्याचबरोबर पात्रावर पडणारी नजर आता थेट तिच्यावर पडू लागली. नाच्याला पदराआड जे संरक्षण होते, ते तिला उरले नाही.

पुढील काळात उलट दिशेचा प्रवासही झाला. संगमनेर येथे स्थायिक झालेल्या कांताबाई सातारकर (१९३९–२०२१) यांनी वगनाट्यांतून शिवाजी महाराजांसारख्या पुरुषभूमिकाही गाजविल्या. शिवाजी महाराजांचे रूप मराठी प्रेक्षकाच्या मनात जितके पक्के आहे, तितके क्वचितच दुसऱ्या कोणाचे असेल. जिरेटोप, दाढी व तलवार यांनी ते तत्काळ ओळखू येते, आणि या निश्चितीमुळेच एका स्त्रीला ते पेलता आले. ऐच्छिक रूप स्वातंत्र्य देते व ठरीव रूप बांधून ठेवते, ही सर्वसाधारण समजूत येथे अपुरी पडते.

चित्रपटातील एक उदाहरण याच जिल्ह्यातील आहे. अहमदनगर येथे ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले नट शाहू मोडक (१९१८–९३) यांनी श्यामसुंदर (१९३२) या बोलपटात बालवयात कृष्णाचे काम केले आणि पुढे अनेक चित्रपटांतून ते कृष्ण म्हणूनच ओळखले गेले. मोरपीस, मुकुट व बासरी यांनी सिद्ध झालेल्या रूपाआड नटाचा धर्म कोणी विचारला नाही. प्रभातच्या संत ज्ञानेश्वर (१९४०) या चित्रपटातील ज्ञानेश्वरांची भूमिकाही त्यांचीच.

ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी याच जिल्ह्यातील नेवासे येथे शके १२१२ मध्ये (१२९०) सांगितली. तिच्या चौथ्या अध्यायात ईश्वराच्या अवतारांचे विवेचन असून निराकाराने आकार घेणे म्हणजे काय, हे आरशातील प्रतिबिंबाच्या दृष्टांताने स्पष्ट केले आहे. ‘अवतार’ हा शब्द सात शतकांनंतर संगणकीय खेळांत गेला. रिचर्ड गॅरियट यांच्या अल्टिमा फोर (१९८५) या खेळाच्या नावात तो आला आणि लुकासफिल्म गेम्सच्या हॅबिटॅट (१९८६) या जोडजाळ्यावरील खेळात पडद्यावरील खेळाडूच्या आकृतीला तो लावण्यात आला. शब्द गेला, पण अर्थ पालटला : मुळात अवतार घेणारा स्वतःच आपले रूप ठरवितो, खेळात ते कोणी ठरवावे यावरच तंटा झाला.

भूमिकात्मक खेळांचा आरंभ गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या डंजन्स अँड ड्रॅगन्स (१९७४) या बैठ्या खेळापासून मानला जातो. त्यात रूप केवळ शब्दांनी वर्णावयाचे असे. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल यांनी १९७८ पासून घडविलेल्या मड या बहुखेळाडू संगणकीय खेळातही चित्र नव्हतेच. चित्रे आल्यावर प्रश्न उभा राहिला. हॅबिटॅटमध्ये नवी डोकी विकत घेता येत व शरीराचा रंग फवारून बदलता येई. याउलट डायब्लो (१९९६) या खेळात योद्धा, तिरंदाज स्त्री व जादूगार अशी तीनच तयार पात्रे होती आणि पात्राबरोबर त्याचे लिंगही ठरूनच येई. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट (२००४) मध्ये वंश, चेहरा, त्वचा व केस यांची मर्यादित निवड होती. २००८ मध्ये त्यात चक्क केशकर्तनालय आले. सिटी ऑफ हीरोज (२००४–१२) या खेळाची तर ख्याती वेश घडविण्याच्या सोयीसाठीच होती. स्वतः डायब्लो मालिकाही हळूहळू बदलली : तिसऱ्या भागात (२०१२) प्रत्येक वर्गासाठी स्त्री वा पुरुष निवडता येऊ लागला आणि चौथ्यात (२०२३) चेहरा व केशरचना घडविण्याची सोय झाली.

तयार पात्राचा पुरस्कार करणाऱ्यांची बाजू तांत्रिक व कलात्मक अशी दुहेरी आहे. एकच शरीर असले की त्याच्या हालचाली, आवाज, चिलखत व कथा एकमेकांत चपखल बसविता येतात. दूरवरून केवळ बाह्यरेषेवरून समोरचे पात्र कोणते व त्याची शक्ती कोणती हे कळते. बोहाड्यातील प्रेक्षक मशालीच्या उजेडात सोंग ओळखतो, तसेच हे. ऐच्छिक रूपात चेहऱ्यातील बिंदू सरकवून नाक, जबडा, डोळे बदलले जातात. हे बदल आकड्यांच्या यादीच्या स्वरूपात इतर खेळाडूंच्या संगणकांना पाठविले जातात व तेथे तो चेहरा पुन्हा उभारला जातो. त्यामुळे प्रत्येक पोशाख प्रत्येक बांध्यावर बसेल असा करावा लागतो आणि खर्च वाढतो. मात्र स्वतः घडविलेल्या पात्राविषयी खेळाडूला वाटणारी आपुलकी मोठी असते. निक यी व जेरेमी बेलन्सन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात केलेल्या व २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत उंच रूप मिळालेल्या व्यक्ती पैशांच्या वाटाघाटीत अधिक आग्रही राहिल्या. घेतलेले रूप घेणाऱ्याच्या वागणुकीलाही वळण लावते, असे त्यांवरून सुचते. सोंग अंगात येणे म्हणजे काय हे जाणणाऱ्या गावकऱ्याला यात नवल वाटू नये.

रस्ट या ऑनलाइन खेळाने वेगळाच मार्ग धरला. २०१५ मध्ये खेळाडूच्या त्वचेचा रंग व २०१६ मध्ये लिंगही यदृच्छेने ठरवून कायम करण्यात आले. ते बदलण्याची सोय ठेवली नाही. काही खेळाडूंनी याविरुद्ध तीव्र तक्रार केली. जन्माने मिळणारे रूप नाकारता येत नाही, हा अनुभव त्यांपैकी पुष्कळांना पडद्यावर तरी प्रथमच येत होता.

गेनशिन इम्पॅक्ट (२०२०) सारख्या खेळांनी तयार पात्रांना पुन्हा प्रतिष्ठा दिली. ही पात्रे सोडतीच्या पद्धतीने मिळतात. हवे ते मिळेपर्यंत खेळाडू पैसे खर्च करीत राहतो. बोहाड्याच्या लिलावातही सोंगाची किंमत होते, पण ती रक्कम उत्सवातच खर्ची पडते व बोली उघड्यावर लागते. महाराष्ट्रात पुणे येथील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेच्या राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक (२०२०) या साहसी खेळातही नायिका ठरीव आहे. हा खेळ एकट्याने खेळावयाचा असून त्यात राजी ही जत्रेत कसरती करणारी मुलगी हरवलेल्या भावाच्या शोधात निघते. तिचा चेहरा वा पोशाख खेळाडूला घडविता येत नाही आणि तिची कथा छायाबाहुल्यांच्या प्रवेशांतून सांगितली जाते.